झिजलेले दात आणि चाव्याचा जोर

ज्याच्या दाढा झिजून सपाट झाल्या आहेत, त्याच्या जबड्यात असाधारण बळ असलेच पाहिजे, असा तर्क रुग्णच नव्हे तर कित्येक चिकित्सकही सहज करतात. परंतु झीज ही अनेक वर्षांची साचलेली नोंद असून, आज तो जबडा किती जोर लावतो याचा दाखला तीत सापडत नाही.

इनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजमय; तरीही झोपेत दात खाण्याच्या सवयीने, आंबट पेयांतील किंवा जठरातून वर येणाऱ्या आम्लाने आणि आपल्याकडे चालत आलेल्या मिश्रीच्या घर्षणाने ते क्षीण होते, व एकदा गेलेले इनॅमल शरीर पुन्हा घडवीत नाही. यांपैकी स्नायूंच्या बळाशी साक्षात संबंध केवळ पहिल्या कारणाचा.

जबड्याचा जोर जाणायचा तर तो प्रत्यक्ष मोजावा लागतो. सतराव्या शतकात इटलीतील शास्त्रज्ञ बोरेल्लीने खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने लटकावली आणि जबडा ती कितपत पेलतो हे पाहिले. आज संवेदक बसविलेली पट्टी दाढांमध्ये ठेवून रुग्णाला सर्व शक्तीनिशी चावावयास सांगतात. निरोगी प्रौढांत हा जोर दाढांपाशी साधारणतः ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे ५० ते ७० किलो वजनाइतका भरतो. पुढच्या दातांपाशी पुष्कळच कमी. मात्र तोंड किती उघडले आहे, पट्टी किती जाड आहे, चावा एका बाजूने घेतला की दोन्ही, यांवर आकडा बदलतो. शिवाय दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंतील संवेदना जबड्याला सतत आवरीत असतात, आणि ज्याचे दात थंड पाण्यानेही शिरशिरतात तो वेदनेच्या धास्तीने पुरता जोर लावीतच नाही. त्यामुळे त्याचा आकडा खऱ्या सामर्थ्याहून कमी येण्याचा संभव असतो. निद्रेत हा आवर सैल पडतो, आणि दात खाणाऱ्या काही व्यक्तींत त्या वेळचा जोर जागेपणीच्या कमाल जोरालाही मागे टाकतो.

म्हणून झिजलेल्या दातांवर मुकुट चढविण्यापूर्वी मापन पुनःपुन्हा घ्यावे, आणि खुर्चीत मिळालेला आकडा अखेरचा मानून चिनीमातीच्या नाजूक मुकुटाची निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री तुमच्या घरात कोणाच्या दातांचा करकर आवाज येत असेल, तर ती हकिकत त्याच्या दंतवैद्याला अवश्य कळवा. झोपलेल्या माणसाला स्वतःला ती सांगता येत नाही.