तीन कुलपांची पेटी

इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात पूर्वज शोधायला निघालेला माणूस आधी तिथल्या चर्चची नोंदवही मागतो. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हापासूनच्या या वह्या. १६०३च्या चर्च-नियमांनी त्यांच्यासाठी तीन कुलपांची पेटी सांगितली. एक किल्ली पाद्र्याकडे, उरलेल्या दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे. पण त्या पेटीत नोंदवहीखेरीज आणखीही कागद असत, आणि वंशावळ शोधणारे बरेचजण ते न पाहताच परततात. माझ्या मते गावाचा खरा इतिहास नोंदवही आणि हे कागद शेजारी ठेवल्यावरच हाती लागतो.

नोंदवहीची ताकद मोठी आहे, यात वाद नाही. डेव्हनमधल्या कॉलिटनच्या वह्यांतून इतिहासकार टोनी रिग्ली यांनी एकेक कुटुंब जुळवलं आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. १५६० ते १६४६ या काळात तिथल्या स्त्रियांचं पहिलं लग्न सरासरी सत्ताविसाव्या वर्षी होई. १६४५-४६च्या भीषण प्लेगनंतरच्या पिढ्यांत हे वय तिशीच्या उंबरठ्यावर गेलं, आणि मुलंही कमी होऊ लागली. जुन्या काळी सगळीकडे लग्नं लहान वयातच होत, हा समज एका गावाच्या दफ्तराने मोडला. पुढे रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशमधल्या नोंदींवरून इंग्लंडच्या तीन शतकांची लोकसंख्या मांडली. त्या नोंदींची मोजदाद गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी केली होती, हे आवर्जून सांगायला हवं.

तरी एक आक्षेप उरतोच. असं कुटुंब जुळतं ते गावात टिकून राहिलेल्यांचं. बाप्तिस्म्यानंतर जो दुसरीकडे गेला, त्याची साखळी तिथेच तुटते. शिवाय कॉलिटनसारख्या गावात चर्चपासून फारकत घेतलेले पंथीय बरेच. त्यांची मुलं या वहीत सापडतीलच असं नाही.

गेलेल्यांचा माग लागतो तो पेटीतल्या त्या दुसऱ्या कागदांत, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कागदांत. १६६२च्या कायद्याने ठरवलं की गरजूला पोसायचं ते त्याच्या हक्काच्या पॅरिशने. मग मदतीची पाळी येईल असा परका माणूस न्यायाधीशांसमोर उभा केला जाई: जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, वर्षभर सलग चाकरी कुठे झाली? अविवाहित माणसाला वर्षभराच्या चाकरीने त्या पॅरिशमध्ये मदतीचा हक्क मिळे, म्हणून काही मालक मुद्दाम वर्षाला थोडे दिवस कमी भरतील असाच करार करत. असा जबाब अर्ध्या पानाचा असला तरी एका शेतमजुराचं आयुष्य त्यात मावतं. खाऊनपिऊन सुखी असलेल्या त्याच्या शेजाऱ्याचा एवढा तपशील बहुधा कुठेच नसतो.

हे जबाब धाकाखाली दिलेले आणि कारकुनाच्या भाषेत उतरलेले, हे खरंच. मनातलं दुःख त्यांत शोधू नये. पण मालकाचं नाव, गाव, मजुरी या गोष्टी तपासून पाहता येतात, कारण दुसऱ्या पॅरिशला त्या खोडून काढण्यात पैशांचा फायदा होता. म्हणूनच एखादं घराणं वहीतून अचानक नाहीसं झालं, तर मूळ गावात अडून बसू नये. गरज पडल्यास या माणसांचा भार आम्ही उचलू, असा मूळ पॅरिशने दिलेला हमीचा दाखला ते जिथे गेले त्या पॅरिशच्या पेटीत पडे, आणि आज त्या पेट्यांतले बहुतेक कागद परगण्याच्या अभिलेखागारात आहेत.