किती फूट?

पहाटे 5:30

आईचा फोन येतो तेव्हा सांगलीत दुपारचे चार वाजलेले असतात, तिचा चहा उरकलेला असतो आणि इथे ग्रँड फोर्क्समध्ये खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो. आज उणे चौदा. हे सांगितलं की ती मार्चात दरवेळी तेच म्हणते, "अगं, फाल्गुन लागला. तिकडे कुणी कळवलं नाही वाटतं." मग मुद्द्यावर येते. "आज तुमचा अंदाज ना? किती फूट म्हणताय?"

सांगलीच्या माणसाला नदी फुटांतच कळते. पावसाळ्यात आमच्याकडे 'बरं आहे का' नंतर विचारतात, आधी 'आयर्विन पुलाला किती?' असतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन्नच्या वर गेली तेव्हा आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी होतं. आणि मी पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला येऊन हवामानखात्यात नोकरी धरली तीही फुटांत मोजणाऱ्या नदीच्या काठी. रेड नदी, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांची हद्द. इथे 28 ला पूर सुरू होतो, 40 ला मध्यम, 46 ला मोठा.

"आई, आकडा नसतो गं. शक्यता असते."

"शक्यता घेऊन मी काय करू? माळ्यावर काय चढवायचं ते सांग."

सकाळी 7:00

परसात गुडघाभर बर्फ. हे मोजायला फूटपट्टी चालत नाही. नळी उभी खुपसायची, खालच्या मातीपर्यंत, बर्फाचा दांडा तसाच उचलायचा आणि तोलायचा. आज खोली 13 इंच भरली, त्यातलं पाणी साडेतीन इंच. डिसेंबरात ताजा, भुसभुशीत बर्फ तेरा इंच पडला असता तर जेमतेम सव्वा इंच पाणी निघालं असतं. मार्चातला बर्फ दिसायला कमी आणि वजनाला भारी. बसत गेलेला, मध्येच एखाद्या उबदार दुपारी पाघळून पुन्हा गोठलेला, दाणेदार, साखरेच्या पोत्यासारखा. म्हणून इथल्या वर्तमानपत्रात 'यंदा अमुक इंच बर्फ पडला' असं छापून आलं की मी पान उलटते. मला हवं असतं ते त्याच्या पोटातलं पाणी.

याच वेळी खोऱ्यात ठिकठिकाणी शेतकरी, मास्तर, निवृत्त पोस्टमन आपापल्या परसात हेच करत असतात. पगार नाही. बोटं मात्र बधिर होतात.

जमीन किती खोल गोठली आहे तेही पाहायचं. जमिनीत पुरलेल्या नळीत रंगीत पाणी असतं. गोठलं की त्याचा रंग जातो. नळी वर ओढायची आणि बिनरंगी भाग मोजायचा, झालं. या खात्यातलं हे मला सर्वांत आवडतं यंत्र, कारण त्याला बॅटरी लागत नाही.

सकाळी 8:20

कार्यालय. कालच्या विमानाचे आकडे आले आहेत. हे विमान दीडेकशे मीटरवरून ठरलेल्या रेषांवर उडतं आणि खाली बर्फाकडे बघतच नाही, त्याखालच्या मातीकडे बघतं. मातीत पोटॅशियम, युरेनियम, थोरियम असतं, त्यांच्यातून सतत थोडा गॅमा किरणोत्सर्ग निघतो. मधलं पाणी तो अडवतं. शरदात बर्फ पडायच्या आधी एकदा मोजून ठेवलेलं असतं; आता किती कमी आलं यावरून वर किती पाणी साठलंय ते काढायचं. पाणी गोठलेलं असो की पातळ, किरणांना फरक पडत नाही. विमान एका रेषेतली सरासरी देतं, माझी नळी एका टिंबाची गोष्ट सांगते. दोघांचं पटलं तर बरं वाटतं. आज दक्षिणेकडच्या दोन रेषांवर पटत नाहीये, तेव्हा तिथल्या निरीक्षकाला फोन. त्याचं म्हणणं, वाऱ्याने शेतातला सगळा बर्फ ओढ्यात नेऊन भरलाय. म्हणजे बर्फ कमी झालेला नाही, नदीच्या आणखी जवळ येऊन बसलाय.

सकाळी 9:45

ही नदी उलटी आहे. म्हणजे उत्तरेला वाहते. वाहपेटन-ब्रेकनरिजला दोन नद्या मिळून ती सुरू होते, फार्गोवरून आमच्याकडे येते आणि कॅनडात विनिपेग सरोवरात जाते. वसंत मात्र दक्षिणेकडून येतो. त्यामुळे वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी खाली येतं तेव्हा इथली नदी अजून गोठलेली असते. पाण्याला वाट नाही, लाद्या एकावर एक चढतात, पुलांच्या खांबांशी अडतात आणि मागे फुगवटा धरतो. फुगवटा हा शब्द मला इंग्रजीत कधी धडपणे सांगता आला नाही. अलमट्टी धरणाच्या भांडणांत वाढलेल्या कुणालाही तो सांगावा लागत नाही.

त्यात सगळं सपाट. हे खोरं म्हणतात खरं, पण ते खोरं नव्हे, हिमयुगाच्या शेवटी आटलेल्या अगासिझ नावाच्या अवाढव्य सरोवराचा तळ आहे. नदीला मैलाला अर्धा फूटही उतार नाही. डोंगर नाहीत, टेकडी नाही, पाणी एकदा काठावर आलं की मैलोन् मैल पसरतं आणि दिवसचे दिवस हलत नाही.

म्हणून आम्हाला हवा असतो तो कंटाळवाणा वसंत. दिवसा दोन-तीन अंश वर, रात्री पुन्हा शून्याखाली, थोडं थोडं पाघळत तीन-चार आठवडे. नको असतो तो एकदम आलेला उन्हाळा आणि त्यावर पाऊस. पुढच्या महिन्याभराचा तापमानाचा दृष्टिक्षेप वॉशिंग्टनकडून येतो, तीन खणांत: सरासरीपेक्षा थंड, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा उबदार. कधी कधी तिन्ही खणांना सारखंच माप मिळतं. याहून प्रामाणिक वाक्य हवामानखात्यात लिहिलं जात नाही, आणि याच वाक्यावर लोक सर्वांत जास्त चिडतात.

सकाळी 10:50

एका बीट शेतकऱ्याचा फोन. त्याला पुराशी कर्तव्य नाही, पेरणी कधी हे हवंय. शिवाय कारखान्याच्या आवारात बिटाचे ढीग अजून गोठलेले उभे आहेत. हिवाळा हेच त्यांचं शीतगृह. ऊब लवकर आली तर ढीग सडायला लागतात. मूरहेडची अमेरिकन क्रिस्टल शुगर ही 1973 पासून शेतकऱ्यांच्या मालकीची, सहकारी. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी इतकी हसले की सहकारी बावरले. साखर, सहकार, पूर: मी गाव सोडलंच नाही की काय!

दुपारी 1:00

वर्षातली मुख्य बैठक. पडद्यावर दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांचे आपत्ती अधिकारी, शहरांचे अभियंते, धरणवाले. आकडेमोड मिनेसोटातल्या चॅनहॅसनच्या नदी अंदाज केंद्रात होते. पद्धत सांगायला सोपी आहे. आजचा बर्फ, आजची ओल, आजची गोठण धरायची आणि त्यावर मागच्या अनेक दशकांतला एकेक वसंत चालवून बघायचा. या बर्फावर 1979 चा एप्रिल आला तर? 2009 चा मार्च आला तर? जितकी वर्षं तितके पूर. ते उतरत्या क्रमाने लावले की अमुक पातळी ओलांडायची शक्यता निघते.

कुणीतरी हमखास विचारतं, "हे सगळं ठीक, पण तुमचा स्वतःचा अंदाज काय? एक आकडा सांगा."

या खोलीत त्याचं उत्तर न द्यायचं कारण सगळ्यांना पाठ आहे. 49.

1997. त्या हिवाळ्यात आठ हिमवादळं झाली. फेब्रुवारीअखेरच्या दृष्टिक्षेपात ग्रँड फोर्क्ससाठी दोन आकडे होते: पुढे काहीच पडलं नाही तर साडेसत्तेचाळीस, नेहमीइतकं पडलं तर 49. शहराने दुसरा उचलला. 1979 चा पूर 48.8 ला थांबला होता, म्हणजे त्याहून जरा जास्त. माणसाच्या कल्पनेला झेपेल असा आकडा. बांध 52 पर्यंत चढवले, तीन फूट जादा. मग 5 आणि 6 एप्रिलला आठवं वादळ आलं, पाऊस, बर्फ, विजेचे खांब आडवे. नदी तोवर अशा उंचीला चालली होती जिथलं मोजमाप फारसं कुणी घेतलेलंच नव्हतं. इतक्या प्रवाहाला इतकी पातळी, हा हिशेब मागच्या पुरांवरून मांडतात. त्यापलीकडे रेघ अंदाजाने पुढे ओढायची. पूर यायच्या आदल्या आठवड्यातही अंदाज पन्नासच्या आसपास घुटमळत होता. 18 एप्रिलपासून बांध ओलांडू लागले आणि पाणी 54.35 वर जाऊन थांबलं. जवळजवळ सगळं शहर घर सोडून गेलं. भर पुरात गावाच्या मध्यभागी आग लागून अकरा इमारती जळाल्या. आग विझवणारे छातीभर पाण्यात, आणि बंबाला पाणी मिळेना.

पाच फुटांची चूक अंदाजात होतीच. पण मला वाटतं, त्याहून मोठी चूक 49 च्या आजूबाजूला काहीच न लिहिण्यात होती. खाली-वर किती हलू शकतो हे आकड्याने सांगितलं नाही, आणि गावानेही तो भिंतीला खिळा ठोकावा तसा ठोकून घेतला. आमचे हे शक्यतांचे तक्ते त्यानंतरच रुजले.

पण आता दुसरं भूत आहे. 46 ओलांडायची शक्यता समजा तीनात एक अशी छापली, तर निम्मे लोक ऐकतात 'येणार' आणि निम्मे 'येणार नाही'. तीनात एक कुणालाच ऐकू येत नाही. तेव्हा मी उत्तर देते ते असं: "46 ला तुमच्या गावात काय बुडतं ते मला सांगा. मग त्यासाठी तीनात एकचा जुगार खेळायचा का, ते तुम्ही ठरवा." एक अभियंता मान हलवतो. बाकीचे पाच टक्क्यांच्या रकान्यातला आकडा वहीत टिपतात, कारण तो सर्वांत मोठा असतो. फार्गोने 2009 मध्ये 40.84 फूट पाणी पाहिलंय आणि वाळूच्या गोणी भरून भरून हात सोलून घेतलेत. त्यांना वाईटात वाईटाचीच तयारी करायची असते. कोण नावं ठेवील?

दुपारी 3:30

टीव्हीवाल्यांना वीस सेकंद हवी होती. दिली.

संध्याकाळी 5:10

घरी जाताना सोर्ली पुलावर थांबते. खाली पांढरं पात्र, मध्ये एका रेषेत करडा डाग. तिथला बर्फ आतून कुजायला लागलाय. हा पूल 1929 चा. काठची माती सरकत असते म्हणून एक टोक रुळांवर ठेवलंय, नदीने ढकललं तर पुलाने थोडं सरकावं. आमचा आयर्विनही 1929 चाच. एक व्हाइसरॉयच्या नावाचा, एक इथल्या गव्हर्नरच्या. दोन्हींवर लोक पाणी बघायला येतात. फरक इतकाच की इथे भजी मिळत नाहीत.

पलीकडे काठाला जिथे वस्ती होती तिथे आता मोकळी हिरवळ आहे, सध्या अर्थात पांढरी. पुरानंतर ती घरं उठवली, बांध मागे घेतले.

रात्री 7:40

शेजारचे आजोबा गॅरेजचं दार उघडं टाकून उभे. तळघरातलं डीप फ्रीझ त्यांना वर आणायचंय. सत्त्याण्णवला ते तळघरातच राहिलं होतं, हरणाच्या मांसासकट, आणि उघडलं तीन आठवड्यांनी. ती गोष्ट ते जेवणाच्या वेळी सांगत नाहीत एवढी सभ्यता पाळतात.

"टीव्हीवर पाहिलं तुला," ते म्हणतात. "छान बोललीस. कळलं काही नाही."

"मग हे वर का घेताय?"

"मार्च आहे म्हणून." ते खालची बाजू धरतात, मी वरची. जिना अरुंद आहे, तिसऱ्या पायरीवर फ्रीझ अडकतं. खिशात फोन वाजायला लागतो. सांगलीत सकाळचे सहा वाजून गेलेत. आईला आकडा हवा असणार.

"घे तो," आजोबा धापा टाकत म्हणतात, "मी धरलंय."

"नको, आधी हे वर जाऊ दे."