चेन्जियागोऊ : पहाटे साडेपाच ते रात्री नऊ

पहाटे ५.३०
शिट्टी वाजते. ऑक्टोबरची अखेर आहे, बाहेर मिट्ट काळोख. इथे उजाडायला साडेसहा वाजून जातात. वसतिगृहातली मुले डोळे चोळत मैदानात येतात. मागोमाग आम्ही परदेशी शिकाऊ, वयाने त्यांच्या दुप्पट-तिप्पट आणि बुटांच्या नाड्या बांधायलाही तेवढाच जास्त वेळ घेणारे. आधी गावातून धावायचे. निम्म्या रस्त्यावर मका वाळत पडलेला असतो, त्याच्या कडेकडेने पळावे लागते. बाकी सगळे शेतकरी गावासारखे गाव. हेनान प्रांतातल्या वन तालुक्यात, ह्वांगहो नदीच्या उत्तरेला. १३७२ मध्ये चेन बू नावाचा गृहस्थ शान्शी प्रांतातून इकडे येऊन राहिला. त्याच्या नवव्या पिढीतल्या चेन वांगतिंगने सतराव्या शतकात ताई ची रचली, असे गाव सांगते. वूतांग डोंगरावरच्या ताओपंथी साधूने ती रचल्याची जी कथा जगभर सांगितली जाते, तिचे नावही इथे कुणी काढत नाही.

सकाळी ६.१५
आता उभे राहायचे. नुसते उभे. पाय खांद्यांएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर गोलाकार. याला खांबासारखे उभे राहणे म्हणतात आणि पाहणाऱ्याला यात काही घडताना दिसत नाही. करणाऱ्याला पाचव्या मिनिटापासून सगळे कळू लागते. मांड्या थरथरतात, खांदे आपोआप कानांकडे चढतात, श्वास छातीत अडकतो. लाओशी, म्हणजे गुरुजी, रांगेतून फिरत येतात. काही बोलत नाहीत. माकडहाडावर दोन बोटे टेकवून ते जरा खाली वळवतात, बरगडीवर तळहात ठेवतात, पुढे सरकतात. त्या दोन बोटांनी मांड्यांवरचा भार दुप्पट होतो. म्हणजे आधी तो आपण कंबरेत लपवून ठेवला होता. "फांगसोंग," ते म्हणतात. सैल सोड. परदेशी माणसाला नमस्काराच्या चिनी शब्दाआधी हा पाठ होतो.

७.३०
मक्याची पेज, वाफवलेले पाव, खारवलेली भाजी, उकडलेले अंडे.

८.३० ते ११.३०
हा दिवसाचा गाभा. चेन घराण्याच्या जुन्या धाटणीचा पहिला क्रम. त्यात ७४ हालचाली, काही जण ७५ मोजतात. संथ केला तर वीसेक मिनिटे लागतात. मुले तो सकाळभरात पुन्हा पुन्हा करतात. आमची गाडी पहिल्या चार-पाच हालचालींवर अडलेली असते, आणि ती अडलेलीच बरी.

ताई ची म्हटले की बागेत म्हातारी माणसे ढगासारखी हलतात असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते चित्र खोटे नाही, पण ते नंतरचे आहे. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने सर्वांना जमेल असा २४ हालचालींचा क्रम बसवला, तो यांग घराण्याच्या धाटणीवरून. चेन धाटणीत संथ चाल मधेच फुटते. सुरुवातीच्या 'वज्रपुरुष उखळ कुटतो' या हालचालीच्या शेवटी उजवा गुडघा वर येतो आणि पाऊल धाडकन जमिनीवर पडते. चाळीस मुलांची पावले एकदम पडली की मैदान दणाणते. पुढे 'झाकलेल्या हाताचा ठोसा' येतो, तेव्हा सगळे अंग एकदा झटकते आणि पुन्हा संथ होते.

लाओशी आज तिसऱ्या हालचालीवर आहेत. नाव 'आळसाने अंगरखा बांधणे'. डावा हात कंबरेवर, उजवा हात समोरून अर्धवर्तुळ काढत बाहेर जातो. दिसायला शोभेची गोष्ट. एका थोराड जर्मन शिकाऊला ते समोर उभे करतात, आपला पाय त्याच्या पायामागे सरकवतात आणि तोच हात तेवढ्याच संथपणे त्याच्या छातीवरून बाहेर नेतात. गडी पाठीवर. हे नाव मिंग सेनापती छी चीक्वांगच्या सोळाव्या शतकातल्या लष्करी पुस्तकातही सापडते. तांग हाओ या अभ्यासकाने १९३० च्या दशकात इथे येऊन ही विद्या साधूंची नसून सैनिकांच्या कसरतींतून आलेली असल्याचे मांडले, ते अशा पुराव्यांवरून. मला तांग हाओचे पटते, आणि समोर आडवा झालेला गडी पाहिल्यावर जास्तच.

मग आमची पाळी. ताकद दंडात नको. ती पायातून, कंबरेतून, वळत वळत बोटांपर्यंत आली पाहिजे. कोशातून रेशीम काढताना हिसका दिला तर धागा तुटतो, थांबलात तर गुंता होतो, म्हणून या वळणदार ताकदीचे नावच रेशीम काढण्यावरून पडले आहे. ऐकायला सुंदर, करायला किचकट. माझा हात आधी जातो, कंबर नंतर पोचते. दुसरी अडचण गुडघ्यांची. खाली बसून वळताना गुडघा आत पडला की भार सांध्यावर येतो, आणि गुडघे धरून घरी परतणारे उत्साही शिकाऊ इथे पुष्कळ. गुडघा वळवायचा नसतो, जांघेतून वळायचे असते. जांघ मोकळी नसेल तर उंच उभे राहावे. लाओशी हे रोज सांगतात, आणि फोटो निघत असला की आम्ही रोज विसरतो.

दुपारी १२
नूडल्स. मग झोप. अडीचपर्यंत गावात चिटपाखरू नाही, दुकानदारही आडवे. पुणेकराला इथे परके वाटण्याचे काही कारण नाही.

३.००
हात ढकलणे. दोघे समोरासमोर उभे, मनगटे टेकलेली. आधी ठरलेले फेरे: वर तोलून धरणे, मागे वाट करून देणे, दाबणे, खाली ढकलणे. याच चार गोष्टी आलटून पालटून. त्या बसल्या की ओरबाडून खेचणे, उलट्या दिशांना पिळणे, कोपर आणि खांदा. शेवटी कुठलाच क्रम न ठरवता.

इथे सकाळच्या क्रमाचा हिशोब होतो. सकाळी आपले हात कुणी अडवत नव्हते, आता समोरचा अडवतो. माझ्यासमोर तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. मी रेटतो, तो तिथे नसतोच, आणि माझा तोल माझ्याच रेट्याबरोबर पुढे गेलेला असतो. रागाने दंड ताठ केले की काम आणखी सोपे होते, कारण ताठ हात म्हणजे धरायला आयती मूठच. पोरगा हसतही नाही, कंटाळलेला दिसतो. पाठीवर पडताना कोल्हापूरच्या तालमीची आठवण येते. पकड, पाय अडकवणे, तोल चोरणे हे सगळे ओळखीचे. फक्त इथे माती लाल नाही आणि खाली पडल्यावर डाव संपतो.

आता कडू बोललेच पाहिजे. २०१७ मध्ये शू श्याओदोंग या मिश्र मार्शल आर्टच्या लढवय्याने छंगदू शहरात ताई चीचा गुरू म्हणवणाऱ्या एकाला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. चित्रफीत चीनभर फिरली, लोक चिडले, शिव्या शूलाच पडल्या. पण विरोध न करणाऱ्या शिष्यांना हवेत उडवून गुरुपण मिरवणारे आहेत, आणि त्यांना कुणीतरी हे दाखवायलाच हवे होते. दुपारचा हा तास ज्या वर्गात नाही, तिथे 'लढाऊ ताई ची' शिकवतो असे कुणी म्हणू नये.

४.३०
मोठी मुले तीन-साडेतीन मीटर लांबीचे लाकडी सोट घेऊन कंबरेच्या झटक्याने टोक थरथरवतात. मला तो सोट सरळ धरून ठेवणेच पुरते. तलवार आणि मोठ्या दांड्याची कोयता-तलवार अजून लांब आहे.

५.३०
मोकळा वेळ. यांग लुचान जिथे शिकला ती जागा गावात जपली आहे. हपै प्रांतातला हा माणूस एकोणिसाव्या शतकात इथे येऊन चेन छांगशिंगकडे शिकला, पुढे बीजिंगला गेला, आणि जगाला माहीत झालेली ताई ची त्याच्या घराण्यातून पसरली. पण मला जास्त आदर चेन चाओपी यांचा वाटतो. हा माणूस ह्वांगहो नदीच्या सरकारी खात्यात नोकरी करून १९५८ मध्ये गावी परतला तेव्हा पासष्टीचा होता. गावात विद्या जवळजवळ थांबलेली. त्याने पुन्हा पोरे गोळा केली. सांस्कृतिक क्रांतीत त्याची मानहानी झाली, तरी शिकवणे सोडले नाही. १९७२ मध्ये तो वारला. आज देशोदेशी शिकवणारे चेन श्याओवांग, चेन चंगलेई, वांग शीआन आणि चू थ्येनत्साय ही त्याच पोरांमधली नावे. युनेस्कोच्या यादीत ताई ची आली ती २०२० मध्ये, पण वाचली ती या माणसामुळे.

वाटेत शेतात कोनफळाच्या जातीचा लांब, काठीसारखा कंद खणणे चालू आहे. हे या भागाचे नाव असलेले पीक, औषध म्हणूनही विकले जाते. संध्याकाळच्या जेवणात तेच, वाफवलेले.

७.३० ते ९
आणखी एकदा क्रम, अंधारात, बिनबोलता. नंतर गप्पा. बहुतेक परदेशी तब्येतीसाठी आलेले असतात: पाठ, रक्तदाब, झोप. सगळे दावे मी मान्य करणार नाही. पण तोलाबद्दलचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पार्किन्सनच्या १९५ रुग्णांचे तीन गट केले होते: ताई ची, वजनांचा व्यायाम आणि ताणाचे व्यायाम. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: तोल ताई चीच्या गटाचा सर्वांत सुधारला, आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. तिथे ना सोट होता, ना पाठीवर आपटणे. एका पायावरचा भार दुसऱ्यावर सावकाश नेणे, एवढेच.

म्हणून विचारणाऱ्याला माझे उत्तर असे: तब्येतीसाठी शिकायचे तर सकाळचे उभे राहणे आणि पहिल्या दहा हालचाली पुरेत, त्या आपल्या गावी रोज करा, त्यासाठी चीनला यायची गरज नाही. लढण्यासाठी शिकायचे असेल तर जिथे दुपारी तीन वाजता कुणीतरी तुम्हाला खरोखर पाडतो, तिथेच नाव घाला.