गाळ उपसताना काय वर येते?

ओहोटी लागली की मुंबईच्या खाड्यांच्या काठी चिखलात उतरून कालवं आणि तिसऱ्या वेचणाऱ्या बायका दिसतात. पलीकडच्या पाण्यातून न्हावा-शेव्याकडे कंटेनर जहाजे जात असतात. या मोठ्या जहाजांना सुमारे १५ मीटर खोलीचा मार्ग लागतो. खाडी मात्र उथळ, आणि दर पावसाळ्यात नवा गाळ येतो. म्हणून ड्रेजरने तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो.

हा गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि महानगराचे सांडपाणी यांतून कित्येक दशके आलेले पारा, शिसे, कॅडमियम असे धातू त्याच्या बारीक कणांना चिकटलेले असतात. खालच्या थरात प्राणवायू नसतो. तेथे हे धातू गंधकाशी जखडून पडतात आणि फारसा त्रास देत नाहीत. ड्रेजरने थर ढवळला की प्राणवायू आत शिरतो, हे बंध सुटतात आणि धातूंचा काही अंश पाण्यात मिसळतो. गाळातले काही जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशाकडून मोठ्या माशात वाढत जातो आणि गरोदर स्त्रीच्या वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. कालवं तर पाणी गाळूनच जगतात. नीट शिजवल्याने त्यांच्यातले जंतू मरतात. धातू मात्र कितीही उकळा, जात नाहीत.

जहाजे आणखी एक गोष्ट आणतात. तोल राखण्यासाठी एका बंदरात भरलेले पाणी ती दुसऱ्या बंदरात सोडतात. लॅटिन अमेरिकेतील १९९१ च्या साथीतला कॉलराचा जंतू अमेरिकेच्या मोबाइल उपसागरातील कालवांत आढळला आणि तेथे आलेल्या जहाजांच्या अशाच पाण्यातही सापडला. या पाण्यावर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे.

बंदरच नको, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या गोळ्यांचा कच्चा मालही पुष्कळसा जहाजानेच येतो! उपाय मधले आहेत: उपसण्याआधी गाळाची तपासणी, माशांच्या विणीच्या काळात काम थांबवणे, दूषित गाळ स्वच्छ गाळात न मिसळता वेगळा ठेवणे. त्याने खर्च वाढतो, हे खरे. तो टाळला तर भार खाडीकाठच्या घरांवर पडतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, कीटकनाशकांचे कंटेनर समुद्रात पडले. तेव्हा जहाजांची वाहतूक काही दिवसांत सुरू झाली. मासे घ्यायला मात्र गिऱ्हाईक बिचकत होते.

गाळाच्या तपासणीचे आकडे बंदराच्या फायलीतच न राहता काठावरच्या आरोग्य केंद्रातही पोहोचायला हवेत. तोवर गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, मांदेली, बोंबील चालतील. सांडपाण्याच्या नाल्याजवळची कालवं कोणीच खाऊ नयेत.