फ्लॉरेन्सचा वाटाड्या

इटली देशाच्या मध्यभागी, तोस्काना प्रांतात, आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर फ्लॉरेन्स हे प्राचीन नगर वसले आहे. तेथील रहिवासी त्याला फिरेंझे म्हणतात. चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांचे माहेरघर म्हणून या नगराची कीर्ती सर्वत्र आहे. वर्गात शिकवताना मीही ती पुष्कळदा गाइली होती. निवृत्तीनंतर प्रत्यक्ष तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा मात्र ते नगर मला खऱ्या अर्थाने दाखवले ते एका वाटाड्याने.

इटलीत वाटाड्याचा व्यवसाय वाटेल त्याला करता येत नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि सरकारी परवाना घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या साठी ओलांडलेला, अंगाने सडपातळ, डोक्यावर जुनी टोपी घातलेला असा गृहस्थ होता. आम्ही वीस-बावीस मराठी प्रवासी होतो, आणि हाती होती अवघी एक सकाळ. सोबतच्या मंडळींनी पाहावयाच्या स्थळांची लांबलचक यादी त्याच्यापुढे धरली. ती शांतपणे वाचून तो म्हणाला, "एवढे सारे पाहिलेत, तर सायंकाळी काहीच आठवणार नाही. मी आपल्याला चारच गोष्टी दाखवतो." काहींची तोंडे उतरली. माझेही उतरले होते, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम तो आम्हांला तेथील भव्य कॅथीड्रलच्या मागच्या बाजूस घेऊन गेला आणि पायांखालच्या फरसबंदीतील एक पांढरी, वाटोळी संगमरवरी शिळा त्याने दाखवली. लोक तिच्यावरून बेफिकीर चालत होते. कॅथीड्रलच्या घुमटावर तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक मोठा गोल आहे. १४७१ साली बसवलेला मूळचा गोल पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी वीज पडून खाली कोसळला. तो जेथे पडला, ते स्थळ ही शिळा दाखवते. "आता वर पाहा," तो म्हणाला. आम्ही माना वर केल्या आणि तो प्रचंड, विटकरी रंगाचा घुमट आमच्या दृष्टीस पडला.

या घुमटाची कथा मोठी विलक्षण आहे. कॅथीड्रलचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले; पण मधला सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचा अष्टकोनी भाग कसा झाकावा, हे कोणालाच सुचेना. सामान्यतः कमान किंवा घुमट बांधताना खाली लाकडाचा भक्कम सांगाडा उभारतात आणि चुना वाळेपर्यंत विटांचा भार त्यावर तोलून धरतात. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीचा सांगाडा उभारणे अशक्यप्राय होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने सांगाड्यावाचूनच घुमट बांधण्याचे पत्करले. तो मूळचा सोनार. बाप्तिस्माघराच्या कांस्यद्वारांसाठी १४०१ साली लागलेल्या स्पर्धेत गिबेर्ती या शिल्पकाराने त्याच्यावर मात केली होती. (ती स्पर्धा तो जिंकला असता, तर हा घुमट कोणी बांधला असता, कोण जाणे!) त्याने एकात एक असे दोन घुमट रचले. आडव्या विटांच्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा बसवल्या. त्यामुळे माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार झाली आणि चुना ओला असतानाही आडव्या विटा उभ्या विटांच्या पकडीत राहून घसरल्या नाहीत. एकेक वर्तुळ पुरे होताच ते आपले आपणच घट्ट आवळले जाई. आमच्या वाटाड्याने दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून ही युक्ती अशी काही समजावली, की आमच्यातल्या एका आजीबाईही तशीच बोटे गुंतवून पाहू लागल्या. १४२० साली सुरू झालेले हे काम १४३६ साली पुरे झाले.

तेथून आम्ही उफीत्सी या जगप्रसिद्ध संग्रहालयापाशी गेलो. आत जाण्यास वेळ नव्हता. बाहेरच्या ओवरीत उभे करून त्याने आम्हांला एका स्त्रीची हकीकत सांगितली. फ्लॉरेन्सवर मेदिची घराण्याने दीर्घकाळ सत्ता गाजवली. त्या घराण्याची शेवटची वारस अ‍ॅना मारिया लुईसा. राज्य परक्या घराण्याकडे जाणार हे निश्चित झाल्यावर तिने १७३७ साली एक करार केला. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रे, शिल्पे, ग्रंथ, रत्ने यांतील एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये, अशी त्यात अट होती. आणि त्याची कारणे दिली होती, राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशीयांचे कुतूहल. "परदेशीयांचे कुतूहल म्हणजे आपण," वाटाड्या हसून म्हणाला. "माझ्या भाकरीची तरतूद त्या बाईने पावणेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे."

यानंतर त्याने आम्हांला एका अरुंद गल्लीत नेले. तेथील भिंतीवर दोन पट्टिका आहेत. एकीवर पाण्याच्या लाटा आणि त्यांकडे बोट दाखवणारा हात कोरला आहे. ती १३३३ सालच्या महापुराची खूण. तिच्याही वर दुसरी पट्टिका आहे, ती १९६६ सालच्या पुराची. दोन्ही पूर आले, ते नोव्हेंबरच्या चार तारखेसच! १९६६ साली आमचा वाटाड्या सहा वर्षांचा होता. सान्ता क्रोचे या चर्चच्या परिसरात पाणी सहा मीटरांहून अधिक चढले. चिखल आणि घराघरांतील तेल यांनी सारे शहर माखले. चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या क्रुसावरचा बहुतांश रंग धुऊन गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी पुस्तके पाण्याखाली गेली. तेव्हा इटलीतून आणि परदेशांतून तरुण मुले-मुली आपण होऊन धावून आली. तळघरापासून वरपर्यंत रांग करून, हातोहात, चिखलाने जड झालेले एकेक पुस्तक त्यांनी बाहेर काढले. लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले. "माझे वडील त्या रांगेत होते," वाटाड्या म्हणाला. "ते फारसे शिकलेले नव्हते. घरी आल्यावर आई त्यांना म्हणे, आपल्याच घरातला चिखल अजून निघालेला नाही. त्यावर ते काही बोलत नसत."

हे सांगताना त्याचा आवाज किंचित बदलला. पुढे चालताना मी त्याला विचारले, "आपण अजून याच भागात राहता का?" त्याने मान हलवली, पण त्याचे बहुतेक शेजारी गेले होते. जुन्या शहरातील घरे प्रवाशांना चार दिवसांच्या भाड्याने देणे अधिक किफायतीचे ठरले. पुस्तके बांधणारा गेला, चांभार गेला. त्याच्या जिन्यात आता रोज नवी माणसे भेटतात. २०२३ साली नगरपालिकेने अशा भाड्यावर निर्बंध घालण्याचे ठरवले खरे. पण गेलेले शेजारी परत येणे अवघड. हे ऐकताना मला संकोच वाटला, कारण आदल्या रात्री आम्ही उतरलो होतो, ते घरही तशाच एका जुन्या इमारतीत होते. त्याने मात्र आम्हांला दोष दिला नाही. त्याची पोटदुखी एवढीच, की लोक येतात आणि पाहत नाहीत.

दुपारी मंडळी चामड्याच्या वस्तू घेण्यास बाजारात गेली. आपण कुठले, असे वाटाड्याने मला विचारले. महाराष्ट्र, असे मी सांगताच तो चमकून म्हणाला, "म्हणजे आमच्या 'इंदियानो'च्या देशचे!" मला अर्थबोध होईना. तेव्हा वेळेचा मोबदला न घेता त्याने आम्हां तिघांना काशिने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकास नेले. तेथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. त्या संगमाजवळ झाडीत एक छत्री उभी आहे, आपल्याकडच्या घाटाची. आणि छत्रीखाली एका तरुण भारतीय राजाचा अर्धपुतळा.

ते होते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते युरोपच्या प्रवासास गेले होते. परतताना फ्लॉरेन्स येथे त्यांना आजारपण आले आणि ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या काळी तेथे दहनाची प्रथा नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाला. १८७४ साली हे स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे त्यांच्याच आराखड्यानुसार बांधला गेला. जवळच्या मोठ्या पुलालाही या स्मारकावरून 'इंदियानो'चा पूल असेच म्हणतात.

मी आयुष्यभर मराठी शिकवले. कोल्हापुरास कितीदा तरी गेलो. या राजाची ही कथा मला ठाऊक नव्हती, आणि ती मला सांगत होता फ्लॉरेन्सचा एक वाटाड्या. लहानपणी वडील त्याला येथे फिरायला आणत आणि हा राजा आपल्या घरापासून फार दूर आहे, म्हणून त्याला नमस्कार कर, असे सांगत.

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग खिशातून एक वही काढली आणि मला विनंती केली, "या गावाचे नाव आम्ही चुकीचे उच्चारतो, अशी मला शंका आहे. आपण एकदा म्हणून दाखवाल का?" मी सावकाश म्हटले, "कोल्हापूर." त्याने ते आपल्या लिपीत लिहून घेतले आणि मोठ्याने म्हणून पाहिले. 'ल्ह' काही केल्या जमेना. नदीकाठाने परतताना तो पुनःपुन्हा तेच म्हणत होता. ट्राम येईपर्यंत ते जवळजवळ साधले होते.