इंजिन फाउंडेशन घरीच बदलताना

साखरखेर्ड्यातल्या जुनी अल्टो, मारुती ८०० वाल्यांनो, एसी लावला की गियरचा दांडा थरथरतो? क्लच सोडताना 'धडाम' होतं? बॉनेट उघडा, समोर कुणी उभं नको. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून पहिल्या गियरात क्लच किंचित सोडायला आत बसलेल्याला सांगा. इंजिन फार उसळलं, तर फाउंडेशनचं रबर फाटलंय.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून जॅक फक्त टेकेल इतकाच चढवा. थेट लावला तर चेंबर चेपतो. एका वेळी एकच फाउंडेशन काढा. नवं बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं धरवा, मग टॉर्क पान्यानं आवळा.

ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवा, नाहीतर नवं रबरही फुगून सडतं. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका!