दोष पायाचा की पायरीचा?

मागच्या वेळी आपण समतेच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तीच कल्पना घेऊन बस-स्टॉपवर जाऊ या. हसू नका, तत्त्वज्ञानाची परीक्षा तिथं चांगली होते.

आमचा गुडघा हल्ली फार बोलतो. परवा बस आली ती फुटपाथपासून चांगली चार हात लांब थांबली. आधी रस्त्यावर उतरायचं, मग दांडा धरून वर चढायचं. दुसरा पाय वर येण्याआधीच बस हलली. कुणीतरी हात धरला म्हणून निभावलं. मागून आवाज आला, "आजोबा, रिक्षानं जायचं ना!" प्रश्न इथंच सुरू होतो. उणीव आमच्या पायात होती, की त्या पायरीत?

आपल्याकडे वर्षानुवर्षं बस बांधली जायची ती ट्रकच्या चासीवर. त्यामुळे आतली जमीन रस्त्यापासून साधारण 1,100 मिलिमीटर उंच; म्हणजे चढायला उंच उंच पायऱ्या. लो-फ्लोअर बसची चासीच वेगळी, जमीन साधारण 400 मिलिमीटरवर. सस्पेन्शनमधली हवा थोडी सोडली की दाराची बाजू आणखी खाली येते, उंट बसतो तशी म्हणा. मग दारातला रॅम्प उघडायचा.

आता साधं गणित करू. फुटपाथ 150 मिलिमीटर उंच धरा. बस त्याला लागून थांबली तर फरक उरतो 250 चा. झुकल्यावर त्याहून कमी. मदतीनं व्हीलचेअर चढते. पण बस लांब थांबली तर रॅम्प रस्त्यावर टेकणार, आणि चढ पुन्हा 400 चा! बस तीच, पैसे तेवढेच, उपयोग मात्र गेला. म्हणजे सुलभता एकट्या बसमध्ये नसते. बस, फुटपाथ आणि ड्रायव्हर या तिघांच्या मेळात असते.

दुसरीही वाट आहे. पुण्यात 2006 साली बीआरटी सुरू झाली. 2015 पासूनच्या 'रेनबो' मार्गांवर बसची जमीन 900 मिलिमीटर आणि स्थानकाचा फलाटही जवळपास तेवढाच, सरळ आत चालत जा. पण तीच बस मार्गिका सोडून साध्या स्टॉपवर आली, की पुन्हा पायऱ्या आल्याच.

यावर लोक म्हणतात, या बस महाग, रस्त्यात खड्डे, पावसात पाणी तुंबतं. खरं आहे. पण खड्डा हा रस्त्याचा दोष. त्याची शिक्षा प्रवाशाला का? आणखी एक आक्षेप येतो, "व्हीलचेअरवाले बसमध्ये दिसतातच कुठे?" आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील. ते दिसत नाहीत म्हणून तशी बस नाही. तशी बस नाही म्हणून ते दिसत नाहीत.

अमर्त्य सेन यांचं सांगणं इथं उपयोगी पडतं. कुणाला काय दिलं एवढंच मोजू नका, ते वापरून माणूस काय करू शकतो ते बघा. तिकीट सगळ्यांना सारखंच मिळतं, प्रवास सगळ्यांना मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सुलभ वाहतूक ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. ही मेहेरबानी नव्हे.

आणि हे फक्त दिव्यांगांपुरतं नाही. गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेली आई, भाजीची पिशवी सांभाळणारे आजोबा, सगळे तिथूनच चढतात. शहर वाढतंय, तसं त्याचं वयही वाढतंय. उद्या बसमध्ये चढाल तेव्हा पायऱ्या मोजा, आणि मागं कोण राहिलं, तेही एकदा वळून पाहा.